मियाटाचा गिअर अडतोय? आधी क्लच, मग ऑइल, शेवटी दांडा

माझदा एमएक्स-5, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी मियाटा, ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. त्यामुळे हा लेख मुख्यतः परदेशात राहून जुनी मियाटा बाळगणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. 1989 ते 1997 ची पहिली पिढी (एनए) आणि 1998 ते 2005 ची दुसरी पिढी (एनबी) या दोन्हींतील पाच गिअरचा गिअरबॉक्स येथे गृहीत धरला आहे. एनबीच्या काही गाड्यांना सहा गिअरचा गिअरबॉक्स आहे. त्याच्या बाबतीत तपासणीचा क्रम हाच राहतो, मात्र आतले सुटे भाग आणि ऑइलचे माप वेगळे असते, म्हणून भाग मागवताना गिअरबॉक्स नक्की कोणता आहे हे आधी पाहावे.

या कामात सर्वाधिक चुका होतात त्या क्रमाच्या. दुसरा गिअर अडखळत पडतो म्हणून लोक थेट आखूड दांडा, म्हणजे शॉर्ट शिफ्टर, मागवतात. तो बसवल्यावर हाताची हालचाल कमी होते, पण तरफ आखूड झाल्याने तीच हालचाल करायला जोर अधिक लागतो आणि मूळ दोष पूर्वीपेक्षा ठळकपणे हाताला जाणवतो. दुसरे टोक म्हणजे गिअरबॉक्सच गेला असे समजून दुसरा जुना गिअरबॉक्स शोधत फिरणे. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा तीनपैकी एका ठिकाणी सापडतो : क्लच पूर्ण सुटत नाही, गिअरबॉक्सचे ऑइल जुने किंवा चुकीचे आहे, किंवा दांड्याच्या मुळाशी असलेले बुश (घर्षण सोसणारे भाग) आणि रबरी बूट (धूळ व ऑइल अडवणारी आवरणे) संपले आहेत. तपासणी याच क्रमाने करावी.

गिअरचा दांडा जोडला कसा आहे

आडव्या इंजिनाच्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ मारुती स्विफ्टमध्ये, गिअरच्या दांड्याची हालचाल केबलमार्फत गिअरबॉक्सपर्यंत जाते. मियाटात इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले आहे, आणि त्यामागचा गिअरबॉक्स थेट दोन सीटांच्या मध्ये येतो. दांडा गिअरबॉक्सच्याच डोक्यावरील एका लहान घरात बसतो. या घराला टरेट म्हणतात. दांड्याच्या मध्यभागी असलेला गोळा टरेटमध्ये टेकून फिरतो, आणि दांड्याचे खालचे टोक एका प्लॅस्टिकच्या टोपीसह, म्हणजे खालच्या बुशसह, गिअर बदलणाऱ्या रॉडच्या खोबणीत अडकते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. टरेटमध्ये स्वतःचे थोडे ऑइल असते आणि ते खालच्या गिअरबॉक्सच्या ऑइलपासून वेगळे राहते. गिअरबॉक्सचे ऑइल खालून काढून नवे भरले तरी टरेटमधले जुने ऑइल जागचे हलत नाही. गॅरेजमध्ये नियमित सर्व्हिसिंग झालेल्या गाडीतही ते कित्येक वर्षे तसेच राहिलेले, किंवा पूर्ण आटून गेलेले आढळते.

पूर्वतयारी

पुढील साहित्य आधी जमवून ठेवावे. काम अर्धवट असताना दुकान गाठण्याची वेळ आली, तर आपल्याकडे जी गाडी आहे ती नेमकी उघडी पडलेली असते.

सुटे भाग : आतला लहान रबरी बूट, बाहेरचा मोठा रबरी बूट, दांड्याच्या टोकाचा प्लॅस्टिक बुश, गोळ्याजवळचा बुश आणि लहरी वॉशर (सपाट नसून लाटेसारखा वाकवलेला, स्प्रिंगचे काम करणारा), तसेच गिअरबॉक्सच्या ड्रेन आणि फिलर बोल्टचे नवे वॉशर. लहान बूट सुस्थितीत दिसला तरी बदलावा. तो स्वस्त असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मेहनत पुन्हा घेण्यासारखी नसते.

ऑइल : 75डब्ल्यू-90 दर्जाचे, एपीआय जीएल-4 वर्गाचे गिअर ऑइल. गिअरबॉक्ससाठी 2 लिटर आणि टरेटसाठी साधारण 80 ते 90 मि.लि. लागते, म्हणजे एक-एक लिटरच्या तीन बाटल्या घ्याव्यात. क्लचसाठी डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक फ्लुइडची सीलबंद बाटली घ्यावी. कधीतरी उघडून ठेवलेली बाटली वापरू नये, कारण हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते.

हत्यारे : 10 आणि 12 मि.मी. सॉकेट व एक्स्टेन्शन, 8 मि.मी. रिंग पाना, गिअरबॉक्सच्या बोल्टसाठी 24 मि.मी. सॉकेट, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, मोठी सिरिंज आणि त्याला बसणारी पारदर्शक नळी, ब्रेक क्लीनर, तंतू न सुटणारी फडकी, जॅक, चार जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच.

जीएल-4 आणि जीएल-5 यांतील फरक केवळ आकड्याचा नाही. जीएल-5 ऑइलमध्ये अतिदाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने जास्त प्रमाणात असतात. मागच्या चाकांच्या डिफरन्शियलमध्ये ती आवश्यक असतात. गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगना मात्र गिअरचा वेग जुळवण्यासाठी थोडे घर्षण हवे असते. ऑइल फार निसरडे झाले की रिंग घसरते आणि गिअर पडताना खरखर होते. शिवाय यातील काही रसायने पितळ व तांब्यासारख्या धातूंना हळूहळू खातात. माझदाच्या पुस्तिकेत दोन्ही वर्ग चालतील असे म्हटले असले, तरी गिअर सहज पडावा हाच हेतू असेल तर जीएल-4 घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इशारा : डिफरन्शियलच्या कामातून उरलेली बाटली गिअरबॉक्समध्ये ओतणे ही नेहमीची चूक आहे. दोन्ही बाटल्यांवर 75डब्ल्यू-90 असेच लिहिलेले असते, म्हणून त्याच्या शेजारचा जीएलचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

टप्पा 1 : दोष नक्की कुठे आहे ते ठरवणे

कोणतेही हत्यार हातात घेण्यापूर्वी पुढील तीन चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून करावी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, क्लच पूर्ण दाबावा आणि सर्व गिअर हळूहळू टाकून पाहावेत. उभ्या गाडीत एखादा गिअर क्वचित दात समोरासमोर आल्यामुळे अडतो. तसे झाल्यास क्लच सोडून पुन्हा दाबावा आणि परत प्रयत्न करावा. दांडा गिअरमध्ये असतानाही आजूबाजूला बराच हलत असेल, न्यूट्रलमध्ये तो मधोमध परत येत नसेल किंवा कुठे अडकल्यासारखा वाटत असेल, तर दोष दांड्याच्या मुळाशी, म्हणजे टप्पा 4 मध्ये आहे.

दुसरी चाचणी इंजिन चालू ठेवून करावी. न्यूट्रलमध्ये क्लच जमिनीपर्यंत दाबून पाच-सहा सेकंद थांबावे, म्हणजे गिअरबॉक्समधील फिरता शाफ्ट थांबतो. मग रिव्हर्स टाकावा. इतके थांबूनही खरखर झाली, किंवा इंजिन बंद असताना सहज पडणारे गिअर इंजिन चालू होताच अडू लागले, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, पहिला गिअर टाकून क्लच दाबलेला ठेवावा आणि किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. गाडी पुढे सरकू लागली तर शंकेला जागा उरत नाही.

तिसरी चाचणी रस्त्यावरची आहे. गाडी थंड असताना आणि पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर असा दोन्ही वेळा फरक पाहावा. थंडीत पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर जड जाणे हे या गिअरबॉक्सचे ओळखीचे लक्षण आहे. ऑइल थिजलेल्या तुपासारखे घट्ट असते, तोवर तो तसाच वागतो. गरम झाल्यावर अडचण पूर्ण नाहीशी होत असेल तर टप्पा 3 पुरेसा ठरू शकतो. गरम गाडीतही एकाच गिअरमध्ये, विशेषतः वेगाने वरचा गिअर टाकताना, दरवेळी खरखर होत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या आत असू शकतो, पण त्याआधी इंजिनचे रबरी माउंट तपासावेत. या दोन्ही दोषांवर या लेखातील कामाने फार तर थोडा उतार पडेल, ते बरे होणार नाहीत.

तपासणी : तिन्ही चाचण्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून ठेवावेत. काम झाल्यावर गाडी "बरी वाटते" असे म्हणणे सोपे असते; आधी कोणता गिअर, कोणत्या स्थितीत, कसा अडत होता हे लिहिलेले असेल तरच नेमका फरक कळतो.

टप्पा 2 : क्लच

सर्वप्रथम पायाखाली पाहावे. मूळ मॅटवर दुसरे जाड मॅट टाकलेले असेल, तर क्लचचे पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि अगदी धडधाकट क्लचही पूर्ण सुटत नाही. मॅट काढून दुसरी चाचणी पुन्हा करावी. एवढ्यावरच काम भागले तर उरलेली दुपार आपली.

त्यानंतर बॉनेट उघडून क्लचच्या द्रवाची लहान बाटली पाहावी. क्लचची बाटली ब्रेकच्या बाटलीपेक्षा लहान आणि वेगळी असते. पातळी खाली गेलेली असेल तर कुठेतरी गळती आहे. द्रव काळे पडले असेल तर आतील रबर झिजून त्यात मिसळत आहे. मियाटात क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर, हा नेहमी गळणारा भाग आहे. तो गिअरबॉक्सच्या घराला बाहेरून बोल्टने बसवलेला असतो. गाडी जॅक स्टँडवर सुरक्षित घेऊन त्याच्या टोकावरची छोटी रबरी टोपी अलगद मागे सारावी. आत ओल दिसली की सिलिंडर बदलण्याखेरीज मार्ग नाही. वरून द्रव भरत राहिल्याने केवळ काही दिवस ढकलले जातात. सिलिंडर कोरडा असेल पण द्रव काळे असेल, तर निदान द्रव बदलावे आणि हवा काढावी.

हवा काढण्याच्या कामाला दोन माणसे लागतात. स्लेव्ह सिलिंडरवरील ब्लीडरच्या, म्हणजे हवा सोडण्याच्या स्क्रूच्या, टोकाला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे द्रव असलेल्या बाटलीत बुडवावे. गाडीत बसलेल्या व्यक्तीने पेडल सावकाश खाली दाबून धरावे. खालच्या व्यक्तीने 8 मि.मी. पान्याने ब्लीडर थोडा उघडावा, द्रव बाहेर येऊ द्यावे, ब्लीडर पूर्ण बंद करावा आणि मगच "सोड" असे सांगावे. बंद करण्याआधी पेडल सुटले तर हवा उलटी आत ओढली जाते, आणि आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते. नळीतून बुडबुड्यांशिवाय स्वच्छ द्रव येईपर्यंत ही कृती करत राहावी आणि अधूनमधून वरच्या बाटलीत भर घालावी.

स्लेव्ह सिलिंडरच्या दट्ट्याची एकूण हालचाल फारशी मोठी नसते. त्यामुळे थोडी हवा अडकली तरी क्लच सुटण्यातला मोठा भाग ती खाऊन टाकते.

इशारा : ब्रेक फ्लुइड रंगावर सांडले तर रंग उचलून येतो. सांडल्यास पुसत बसण्यापेक्षा लगेच भरपूर पाणी ओतावे.

तपासणी : पेडल जमिनीपासून काही अंतर वर असतानाच पहिला गिअर सहज पडला पाहिजे. पेडल पार जमिनीला टेकल्यावरच गिअर पडत असेल, तर हवा राहिलेली आहे, मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला सिलिंडर) आतून गळतो आहे किंवा पेडलच्या रॉडची सेटिंग बिघडलेली आहे. हा दोष दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्लच पूर्ण न सुटता गिअर टाकत राहिल्यानेच सिंक्रोनायझर झिजतात.

टप्पा 3 : गिअरबॉक्सचे ऑइल

हे काम आणि टरेटचे काम एकाच दिवशी करण्याचा मोह होतो, पण ते वेगवेगळ्या दिवशी करणे सोयीचे आहे. गिअरबॉक्सचे ऑइल गरम असताना लवकर आणि पूर्ण निघते, तर टरेटसाठी गाडी पूर्ण थंड असलेली बरी, कारण खालून एक्झॉस्ट जातो आणि दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या बोगद्यात हात घालावा लागतो. शिवाय एका वेळी एकच बदल केला की फरक कशामुळे पडला हेही समजते.

गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी. चारही बाजूंनी सारख्या उंचीवर जॅक स्टँडवर घ्यावी. केवळ पुढची बाजू उचलली तर गिअरबॉक्स तिरका होतो आणि ऑइलची पातळी चुकते. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये.

आता महत्त्वाचे : आधी बाजूचा फिलर बोल्ट सैल करावा, मग तळाचा ड्रेन बोल्ट. या क्रमात चूक केली आणि वर्षानुवर्षे न उघडलेला फिलर बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडीतील सगळे ऑइल खाली परातीत असते आणि नवे भरायला वाटच नसते. बर्फावर मीठ टाकतात अशा भागात राहणाऱ्यांनी ही शक्यता गंभीरपणे घ्यावी. बोल्ट अडला तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे. कडा मोडेपर्यंत जोर लावू नये.

ऑइल निथळत असताना ड्रेन बोल्टच्या चुंबकाकडे पाहावे. त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप असणे स्वाभाविक आहे. पोलादाचे तुकडे किंवा निघालेल्या ऑइलमध्ये उन्हात चमकणारे बरेच पितळी कण दिसले, तर सिंक्रोनायझर झिजत आहेत आणि खर्चाची तयारी ठेवावी लागेल. पुसलेला बोल्ट नव्या वॉशरसह बसवून वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावा. गिअरबॉक्सचे घर अ‍ॅल्युमिनियमचे आहे, त्यामुळे अंदाजाने जोर लावून आटे खराब करणे महागात पडते.

नवे ऑइल फिलरच्या भोकातून भरायचे असते, पण तिथे बाटली उलटी धरायला जागा नाही. एक तर हातपंप वापरावा, नाही तर सुमारे दीड-दोन मीटर लांबीची नळी इंजिनच्या बाजूने खाली उतरवून तिचे टोक भोकात घालावे आणि वरून फनेलने सावकाश ओतावे. ऑइल भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळू लागले की पातळी बरोबर झाली. ओघळ थांबून थेंबांवर आला की फिलर बोल्ट बसवावा.

तपासणी : भरलेल्या ऑइलचे माप मोजावे. ते 2 लिटरच्या आसपास असायला हवे. दीड लिटरमध्येच ऑइल बाहेर येऊ लागले, तर गाडी तिरकी आहे किंवा जुने ऑइल पूर्ण निघालेले नाही.

टप्पा 4 : दांडा आणि टरेट

हाच या लेखाचा मुख्य भाग आहे. गाडी थंड, किल्ली काढलेली, हँडब्रेक पूर्ण ओढलेला आणि चाकांना अडण लावलेली असावी, कारण दांडा काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवता येत नाही. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून नॉब डावीकडे फिरवून काढावा.

*कन्सोल काढणे.* मधल्या कन्सोलचे स्क्रू मागच्या कप्प्याच्या तळाशी, अ‍ॅशट्रेखाली आणि पुढच्या दोन्ही बाजूंना असतात. वर्षानुसार त्यांत थोडा फरक पडतो. कन्सोल सहज वर येत नसेल तर एखादा स्क्रू राहिला आहे असे समजून तो शोधावा. तीस वर्षांचे प्लॅस्टिक ओढाओढ सहन करत नाही. कन्सोल थोडा उचलून खालच्या विजेच्या जोडण्या सोडवाव्यात. खिडक्यांचे स्विच आणि लायटर यांच्या वायर तिथे असतात. प्लगची कुलूपपट्टी दाबून प्लग काढावा, वायर धरून ओढू नये.

*बाहेरचा बूट.* आता मोठा रबरी बूट दिसतो. तो धातूच्या पट्टीसह चार 10 मि.मी. बोल्टने बोगद्यावर बसवलेला असतो. तो फाटलेला असेल तर एक्झॉस्टची गरम हवा, रस्त्याचा आवाज आणि गिअर ऑइलचा उग्र वास थेट गाडीत येतो. उन्हाळ्यात नॉब हाताला चटके देतो ही तक्रार अनेकदा येथेच सुरू होते. बोल्ट काढून बूट दांड्यावरून वर सरकवून काढावा.

*स्वच्छता.* येथे थांबावे आणि पुढचे वाक्य लक्षपूर्वक वाचावे. आतला लहान बूट सोडवण्याआधी टरेटच्या आजूबाजूची सर्व धूळ, वाळू आणि जुन्या फोमचे तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्यावेत, आणि ब्रेक क्लीनरने भिजवलेल्या फडक्याने टरेट बाहेरून पुसावा. जुना बूट फाटल्यानंतर तिथे साचलेली माती बूट उचलताच आत पडते. ती माती मग ऑइलसह गोळ्याच्या आणि बुशच्या मधे दळली जाते, आणि नवे बुश जुन्यांइतक्याच लवकर संपतात. या कामात लोक सर्वाधिक घाई करतात ती नेमकी येथे, कारण एवढ्या खटपटीनंतर दांडा अखेर समोर दिसत असतो.

*दांडा बाहेर काढणे.* आतला बूट धातूच्या चकतीसह टरेटवर तीन बोल्टने आवळलेला असतो. दांड्याच्या पुढच्या बाजूला मार्करने खूण करावी, तिन्ही बोल्ट काढावेत आणि दांडा सरळ वर उचलावा. भाग कोणत्या क्रमाने व कोणत्या बाजूने बसले होते याचे फोटो काढावेत, विशेषतः लहरी वॉशर आणि त्याच्याजवळच्या बुशचे. बाहेर येताच दांड्याच्या टोकाकडे पाहावे. तिथे प्लॅस्टिकची टोपी नसेल तर ती आत खोबणीतच राहिली आहे. टॉर्चच्या उजेडात लांब चोचीच्या पक्कडीने ती काढावी. ती प्लॅस्टिकची असल्याने चुंबकाचा उपयोग होत नाही. ती फुटलेली निघाली तर सगळे तुकडे जुळवून पाहावेत.

इशारा : टरेट उघडा असताना त्याच्या तोंडावर स्वच्छ फडके पसरलेले असावे. बोल्ट किंवा वॉशर आत पडला तर कधी कधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. प्रत्येक बोल्ट काढल्यावर लगेच डबीत टाकावा, टरेटच्या काठावर ठेवू नये.

*जुने ऑइल काढणे.* सिरिंजला नळी लावून टरेटमधील ऑइल ओढून घ्यावे. बऱ्याचदा ते काळे, घट्ट आणि गाळ असलेले असते. तळाचा गाळ फडक्याने टिपून घ्यावा. टरेटच्या आत ब्रेक क्लीनरचा फवारा मारू नये. सैल झालेला गाळ रॉडच्या जागेतून गिअरबॉक्समध्ये जाऊ शकतो. एका दाभणासारख्या टोकावर फडक्याची कडा गुंडाळून कानाकोपरे पुसणे हळू असले तरी सुरक्षित आहे.

*झीज पाहणे.* जुना खालचा बुश आणि नवा बुश शेजारी शेजारी धरावेत. नव्याची कड गोल व जाड असते, तर झिजलेल्यावर एका बाजूला चपटा, चकचकीत पट्टा पडलेला असतो; दांडा ढिला लागत होता तो याच पट्ट्यामुळे. दांड्याच्या गोळ्यावर ओरखडे किंवा खड्डे असतील तर केवळ बुश बदलून पूर्ण घट्टपणा येणार नाही. लहरी वॉशर सपाट झाला असेल तर गाडी चालताना दांडा थरथरतो आणि विशिष्ट वेगाला घूं असा आवाज येतो.

*नवे भाग बसवणे.* दांडा स्वच्छ पुसावा. नवा आतला बूट चढवताना साबणाचे पाणी लावावे. स्क्रूड्रायव्हरने ताणून चढवलेला बूट जिथे टोचला तिथूनच काही महिन्यांत फाटतो. साबण नीट पुसून दांडा कोरडा करावा. गोळा, टोपी आणि बुश यांना गिअर ऑइलचा हात फिरवावा. मग टरेटमध्ये मोजून 80 ते 90 मि.लि. नवे ऑइल घालावे.

येथे ग्रीस भरू नये. ग्रीस एकदा बाजूला ढकलले गेले की परत गोळ्याखाली येत नाही, आणि थंडीत घट्ट होऊन दांडा उलट जड करते; ऑइल मात्र प्रत्येक हालचालीनंतर आपोआप जागेवर परत येते. मापापेक्षा जास्त ऑइलही नको, कारण दांडा आत शिरताच ते उसळून बोगद्यात सांडते आणि मग गाडीत महिनाभर वास राहतो.

खूण पुढच्या बाजूला ठेवून दांडा सरळ खाली सोडावा. टोपी खोबणीत बसली की हाताला स्पष्ट जाणवते. बोल्ट लावण्याआधीच दांडा हलवून सर्व गिअर मिळतात का ते पाहावे. एखादा मिळत नसेल तर टोपी खोबणीबाहेर आहे. त्यानंतर बूटची कड सगळीकडे सपाट बसल्याची खात्री करून तीन बोल्ट आळीपाळीने, साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावेत. हे लहान बोल्ट आहेत. जास्त जोराने चकती वाकते आणि त्या फटीतून ऑइल पाझरते.

तपासणी : कन्सोल बसवण्याआधी इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर दहादा टाकावा. आतला बूट कुठेही ताणला जाता कामा नये, विशेषतः पाचव्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये. मग बूटच्या कडेभोवती कोरडे टिश्यू फिरवून ऑइलचा डाग येतो का ते पाहावे.

सर्व ठीक असल्यास बाहेरचा बूट, फोम आणि कन्सोल उलट्या क्रमाने बसवावेत. फोम भुगा झालेला असेल तर उष्णता सहन करणारा नवा तुकडा कापून घालावा. साधा गादीचा स्पंज येथे वितळतो किंवा पेटूही शकतो. कन्सोलखालच्या सर्व जोडण्या लावल्यावर, स्क्रू आवळण्याआधी, खिडक्या वर-खाली करून पाहाव्यात.

टप्पा 5 : रस्त्यावरची चाचणी आणि नंतरची देखभाल

पहिल्या फेरीला टप्पा 1 मध्ये लिहिलेला कागद बरोबर घ्यावा आणि त्याच चाचण्या त्याच क्रमाने कराव्यात. बुश नवे असल्याने दांडा सुरुवातीला किंचित घट्ट वाटतो. थोड्या वापरानंतर तो मोकळा होतो. गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकताना क्षणभर न्यूट्रलमध्ये थांबून, मग हलक्या हाताने टाकावा. जोर लावून ढकलल्याने सिंक्रोनायझरला वेग जुळवायला लागणारा वेळच मिळत नाही.

दांड्यावर सतत हात टेकवून गाडी चालवण्याची सवय असल्यास ती सोडावी. हाताचा भार दांड्यातून गिअर बदलणाऱ्या फोर्कवर जातो आणि फिरत्या कॉलरवर तो अकारण घासत राहतो.

सुमारे 500 कि.मी. नंतर गाडीखाली पाहून ड्रेन आणि फिलर बोल्टजवळ ओल नाही ना ते तपासावे, तसेच क्लचच्या बाटलीतील पातळी पुन्हा बघावी. पुढे क्लचचे द्रव दर दोन वर्षांनी आणि गिअरबॉक्सचे ऑइल साधारण दर 50,000 कि.मी.ला बदलावे, ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांनी त्याहून लवकर. टरेट दरवेळी उघडण्याची गरज नसते. गाडीत गिअर ऑइलचा वास येऊ लागला, नॉब नेहमीपेक्षा गरम लागू लागला किंवा दांडा पुन्हा ढिला वाटला, तर मात्र कन्सोल काढून आतल्या बूटकडे आधी पाहावे.